बेर्ताच्या कागदात नसलेली वस्तू

माझी धाकटी बहीण बेर्ता तेहेतीस वर्षांनी मकाऊला आली, आल्या रविवारी माझ्या टेबलाशी बसली, माझ्या हातचं डुकराचं मांस दोन घास खाल्लं आणि तीन माणसांदेखत म्हणाली, "ताई, तुझ्या हाताला आईची चव राहिली नाही गं."

वर पुन्हा हे गोड आवाजात. कुणाच्या मयतीला आल्यासारखं.

त्या तिघांत माझा मुलगा लिनो होता आणि सून सिउ-लान होती. त्यांचं मला काही नाही, घरचीच आहेत. पण तिसरी ओर्तेन्सिया होती. ही गल्लीच्या टोकाला राहते आणि रोज सकाळी चर्चला जाते ती देवापेक्षा बातम्यांसाठी. तिनं काटा खाली ठेवला, ऐकू नीट यावं म्हणून. साठ वर्षं ही बाई माझ्या स्वयंपाकात खोट शोधत होती. ती तिला आज आयती वाढून मिळाली.

"काय कमी पडलं?" मी विचारलं.

"कमी नाही, काहीतरी जास्त आहे. कडवट लागतंय. औषधासारखं."

"चाळीस वर्षं कॅनडात बर्फातलं खाल्लंस. जीभ गोठली असेल."

"असेल. तुझी मात्र अजून गरमच आहे."

लिनो रुमालात हसला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर त्याला खोकला आला.

बेर्ता एवढ्यावर थांबली असती तर मी सोडून दिलं असतं. पण तिनं पर्स उघडली आणि एक कागद काढला. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला, घड्यांवर फाटलेला, वर तेलाचे डाग. तो तिनं ओर्तेन्सियाच्या नाकासमोरून माझ्यापुढे सरकवला.

"हे बघ. आईची कृती, तुझंच अक्षर आहे. मी यातला दाणाही इकडचा तिकडे केला नाही. आता कोण चुकलं सांग."

अक्षर माझंच होतं. माझं अक्षर लपत नाही. नन्सच्या शाळेत मी चौथीपर्यंत गेले, मग बेर्ता झाली आणि आईनं मला तिला सांभाळायला घरी बसवलं. बेर्ता पुढे शिकली, बँकेत टाईपिस्ट झाली. मी चौथीतच राहिले आणि माझी अक्षरंही. मोठी, तिरकी, एकमेकांना ढकलणारी.

ओर्तेन्सियानं चष्मा लावला. मी कागद उचलून बशीखाली ठेवला आणि म्हटलं, "मिठाईचं काय ते वाढा आता."

आता खरं सांगते. तो कागद खोटा होता.

चिंच आणि साखर घालून डुकराचं मांस आमच्यात, मकाऊच्या पोर्तुगीज-चिनी मिश्र घरांत, सगळीकडेच शिजतं. ते कुणालाही जमेल. घर ओळखायचं ते त्यात घालतात त्या बालिशांववरून. उन्हाळ्याच्या तोंडाशी बारीक जवळा येतो. तो मिठात चोळायचा, त्यात मिरची, मिरी, लवंग, तमालपत्र घालायचं, वरून ब्रँडी ओतायची आणि बरणी गच्चीत उन्हात तीन महिने ठेवायची. आमच्या गल्लीत एके काळी सात गच्च्यांवर सात बरण्या असायच्या, आणि डोळे बांधून सोडलं तरी मी वासावरून कुणाची कुठली ते सांगितलं असतं.

आणि आमच्यात कुणी कृती मागितली तर नाही म्हणत नाहीत. हसून देतात. फक्त एक वस्तू ठेवून घेतात. ओर्तेन्सियानं मला तिच्या नारळाच्या केकची कृती दिली तेव्हा अंडी चार कमी सांगितली. मी तिला माझ्या कोंबडीच्या रश्श्याची दिली तेव्हा हळद गाळली. दोघींना माहीत होतं, दोघींनी एकमेकींचे आभार मानले. यात राग धरायचा नसतो. मागणारीनं घरी जाऊन करायचं, फसायचं आणि परत येऊन दार वाजवायचं. मग चहा होतो, गप्पा होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती वस्तू हळूच हातात पडते. आमच्या बायकांच्या निम्म्या मैत्र्या अशाच जुळल्यात.

पण हे शेजारणीशी करायचं. सख्ख्या बहिणीशी कुणी करत नाही.

बेर्ता नवऱ्यामागून टोरांटोला निघाली तेव्हा आईचे डोळे गेले होते. खुर्चीत बसून ती मला म्हणाली, "नातेर्सिया, बेर्ताला सगळं लिहून दे. ती लांब चाललीय." मी समोर बसून लिहिलं, तिला वाचूनही दाखवलं. वाचताना सालीचं बोलले. कागदावर मात्र साल लिहिली नाही.

संत्र्याची वाळवलेली साल. आमच्या बरणीत तीच वेगळी होती. ती आजीची. आईची आई चिनी, होडीवर जन्मलेली, काळी विजार घालणारी. खिडकीत दोऱ्याला साली ओवून टांगायची, वाळल्या की डब्यात भरायची, आणि जितकी जुनी तितकी चांगली म्हणून वर्षानुवर्षं डब्याला हात लावू द्यायची नाही. पाहुणे आले की आई आजीला स्वयंपाकघरातच बसवायची आणि दार लोटून घ्यायची. बाहेर आई पोर्तुगीजमध्ये हसायची. बालिशांवची तारीफ झाली की म्हणायची, "लिस्बनची ब्रँडी आहे ना त्यात." सालीचं नाव तिनं कधी बाहेर काढलं नाही. म्हणून ती वस्तू आमच्या घरची झाली.

मी बेर्ताला ती लिहिली नाही, कारण मला वाटलं, पहिल्याच उन्हाळ्यात हिची बरणी फसेल. मग पत्र येईल, "ताई, काहीतरी कमी पडतंय." मी लगेच सांगणार नव्हते. मी लिहिणार होते, ये, मग सांगते. आणि ती आली असती.

पत्रं यायची. बर्फ किती पडला, धाकट्याला दात आले, तिच्या नवऱ्यानं, रोजेरिओनं, गाडी घेतली. मी पाकीट फाडून आधी शेवटची ओळ बघायची, कारण बेर्ता मागायचं ते शेवटी मागते, लहानपणापासून. शेवटच्या ओळीत असायचं, सगळ्यांना नमस्कार. बरणीचं एक अक्षर नाही. दर उन्हाळ्यात जवळा चोळताना मी म्हणायची, यंदा विचारील. तेहेतीस वर्षांपूर्वी आईच्या मयतीला आली ती नऊ दिवस पेजेवर राहिली, विमानानं पोट बिघडलं म्हणून. मी बालिशांवची वाटी तिच्या पुढ्यात ठेवली होती. तिनं ती बाजूला सारली.

आणि आता ती मला म्हणते, औषधासारखं लागतं.

मंगळवारी ती पुन्हा आली. हॉटेलात उतरली होती ती, त्या नव्या बेटावरच्या, जिथे छताला खोटं आभाळ रंगवलंय. माझ्याकडे आजीची खोली रिकामी असताना. येताना हातात एक बाटली, मोज्यात गुंडाळलेली.

"हे माझं," ती म्हणाली. "सामानात फुटेल म्हणून जीव मुठीत धरून आणलं. बाल्कनीत करते मी. व्हिएतनामी दुकानातला गोठवलेला जवळा. पहिल्या वर्षी खालच्या बाईनं पोलीस बोलावले, म्हणे वर कुणीतरी मेलंय."

"मग?"

"मग काय. पोलिसाला भातावर घालून दिलं. त्यानं दोनदा घेतलं."

मला हसू आलं. मी ते ओठात धरलं.

"तिथल्या चर्चमधल्या बायका मागतात माझ्याकडे. मी सांगते, जुनी पोर्तुगीज वस्तू आहे."

आणि सालीशिवाय ती वस्तू खरंच जवळजवळ पोर्तुगीजच होती.

त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या भांड्यात, तिच्या बाटलीतलं घालून बेर्तानं मांस शिजवलं. मी स्टुलावर बसून पाहिलं. कांदा ती अजून आईसारखाच कापते, डावा अंगठा वर काढून. मसाला परतताना भांड्याच्या काठावर चमचा दोनदा आपटते, तेही आईचं. पाठमोरी पाहिलं की आईच उभी होती. वास मात्र आईचा नव्हता. वासात एक भोक होतं, आणि ते मी पाडलं होतं.

जेवताना तिनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हे आईचं," ती म्हणाली. "ताई, घे ना. आठवतं की नाही सांग."

मी घास घेतला. मला जे आठवलं ते मी सांगितलं नाही. म्हटलं, "छान झालंय."

लिनोनं दुसऱ्यांदा घेतलं. पोटच्या पोरानं.

जेवण झाल्यावर बेर्ता दुपारची बस धरून हॉटेलात गेली. सिउ-लान भांडी घासत होती. ही पोर कामावर एका हॉटेलच्या काउंटरवर दिवसभर हसत उभी असते, म्हणून घरी चेहऱ्याला सुट्टी देते. पाठ न वळवता म्हणाली, "आई, मावशींच्या बाटलीत साल नाही."

मी पुसलेली बशी पुन्हा पुसायला घेतली.

"कसली साल?"

"संत्र्याची. तुमच्या त्या निळ्या डब्यातली."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? लग्न होऊन आले त्याच आठवड्यात वास आला. माझी आई घालते सूपमध्ये. खोकल्याला देते. लाल चवळीच्या खिरीत पण घालते. कोपऱ्यावरच्या दुकानात बरणीनं विकतात, आई."

एकोणीस वर्षं मी हिला बाजारात पाठवून त्या बरणीचं झाकण लावत होते. डबा कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं लपवत होतात." तिनं नळ बंद केला. "पण मावशींना खरंच माहीत नाही?"

"नाही."

"का?"

सून विचारते म्हणून उत्तर द्यायलाच हवं असं कुठे आहे. मी बशी पुसत राहिले. ती बशी कोरडीच होती.

"मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या आई नव्हत्या," सिउ-लान म्हणाली. "तुम्ही म्हणता ती चव मला तुमच्याच हातची माहीत आहे. मावशी म्हणतात ती वेगळी. दोघी आईची म्हणता. तुम्ही गप्प राहिलात तर मावशींचीच खरी ठरेल, त्या इतक्या रडल्या की." हात पुसून ती खोलीत गेली, आणि मी स्वयंपाकघरात बसून राहिले, आजीसारखी, दार लोटल्यासारखी.

गप्प राहणं सोपं होतं. बेर्ता खूश होती. तिला तिची आई सापडली होती. परत जाऊन ती बाल्कनीत बरणी भरणार होती, रडणार होती, आणि मला काही वर्षं उरलीत ती मीही काढली असती. ओर्तेन्सियाला काय, तोंड आहे तोवर बोलेल. पण मी गेले की आईची चव जगात कुणाच्या जिभेवर राहिली नसती. एक होती बेर्ताची जीभ, ती मी स्वतःच्या हातानं पुसली होती.

शनिवारी सकाळी बेर्ता निरोप घ्यायला आली. लिनो तिची बॅग घेऊन गाडी आणायला गेला. पुलावरून हाँगकाँगच्या विमानतळाला जायचं होतं. दाराबाहेर आमच्या पायरीवर एक परकी पोरगी बसून फोटो काढून घेत होती, रोज एखादी बसतेच. मी तिला हटकलं नाही, एवढं माझं लक्ष नव्हतं.

मी बेर्ताला स्वयंपाकघरात नेलं. कपाट उघडलं, निळा डबा काढला, झाकण तिच्या नाकाखाली उघडलं.

"काय आहे?" ती म्हणाली. मग तिनं श्वास घेतला.

ती स्टुलावर बसली. डबा दोन्ही हातांत धरला. मग आमच्या घरच्या बोलीत, जी ती आल्यापासून अडखळत बोलत होती, ती सरळ म्हणाली, "आजी."

"हं."

"मला खोकला झाला की गालात ठेवायची. कडू लागायची. मी थुंकले की पाठीत धपाटा." ती हसत होती आणि नाक पुसत होती. "हे बरणीत असायचं?"

"कायम."

"आणि माझ्या कागदात?"

"मी ठेवून घेतलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडेल. बेर्ता ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

"पहिल्या वर्षी कमी लागलं होतं मला," ती म्हणाली. "रोजेरिओला म्हटलं मी. तो म्हणाला, परक्या देशात सगळं असंच लागतं. दुसऱ्या वर्षीही तेच. मी दुकान बदललं, मीठ बदललं. मग मला वाटलं, ताई, हीच घराची आठवण असेल. ती अशी जिभेवर लागत असेल. बरणी उघडली की रडायचे मी. मुलांनी नाव ठेवलं होतं, आईचा रडायचा सॉस. मग सवय झाली. मग तेच आईचं वाटायला लागलं."

"विचारायचं होतंस."

"काय विचारणार? घर का आठवतं म्हणून?"

मी तिच्या हातातला डबा घेऊन ओट्यावर ठेवला.

"एक सांगू का, रागावू नकोस," बेर्ता म्हणाली. "आजी आठवली. पण खायला मला अजून माझंच आवडतं."

मी तरी काय रागावणार. रविवारी जाताना माझ्या बशीखालून परत नेलेला कागद तिनं पर्समधून काढला, प्लॅस्टिकमधून सोडवला, ओट्यावर पसरला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं. अक्षरं चौथीपेक्षाही वाईट आली. सर्वांत खाली, ब्रँडीच्या ओळीनंतर: संत्र्याची साल, आजीची. डब्यात आईनं वाळवलेल्या तीनच उरल्या होत्या, काळ्या पडलेल्या. दोन मी कागदात गुंडाळून तिला दिल्या. एक ठेवून घेतली.

गल्लीच्या तोंडाशी लिनोनं हॉर्न वाजवला. बेर्ता उठली. तिनं मला जवळ घ्यायला हात पुढे केले, आणि मी ते दोन्ही हात मनगटाला धरून ठेवले, कारण जवळ घेतलं असतं तर मला बोलता आलं नसतं.

"आधी ऐक, बेर्ता. चोरी मी केली. आईनं सगळं दे म्हणून सांगितलं आणि मी दिलं नाही, तिला आंधळीला वाचूनसुद्धा खोटं दाखवलं. ते माझ्या माथ्यावर. पण तू चाळीस वर्षं बरणीपुढे बसून रडलीस आणि मला लिहिलंस काय, तर बर्फ पडला. मी एक साल लपवली, तू अख्खी रडणारी बहीण लपवलीस. तुझा गुन्हा मोठा आहे. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात जवळा आला की यायचं, हॉटेलात नाही, आजीच्या खोलीत उतरायचं, आणि गच्चीवर उकिडवं बसून माझ्याबरोबर बरणी भरायची. तोवर तुझंच कर, तुझंच खा, तुला आवडतं तर. पण त्याला आईचं म्हणू नकोस. ते माझं आहे. मी तुझी वाट बघत होते, त्याची चव आहे ती."